जांभळा झगा

ओरेस्तेने आयुष्यात पहिल्यांदाच बायकोचा कपडा धुवायला घेतला, आणि त्यासाठी दिवस निवडला तो नेमका तिच्या मरणाचा.

म्हणजे रंगमंचावरच्या मरणाचा. एर्सीलिया आमच्या गावच्या ऑपेराची मुख्य गायिका. उंच पट्टीतल्या सगळ्या नायिका तिच्याकडे, आणि त्या सगळ्या शेवटच्या अंकात मरतात. कुणी क्षयाने, कुणी विषाने, कुणी बुरुजावरून उडी टाकून. बाई साठीला टेकल्या होत्या, तरी पांढरा झगा घालून झोकात मरायच्या. पण थिएटरचे मालक गांदोल्फी हल्ली आईच्या भूमिकांबद्दल पुटपुटू लागले होते, आणि आजच्या प्रयोगावर काय ते ठरणार होतं.

"आई!" ती सकाळी नवऱ्यावर कडाडली. "पहिल्या अंकात पोराला आशीर्वाद दिला की संपलं काम. त्यापेक्षा मी मेलेली बरी!"

बिचाऱ्याला वाटलं, निदान झगा तरी लख्ख असावा. त्याने तो उकळत्या पाण्यात टाकला, आणि पाणी कशाला वाया घालवा म्हणून सोबत आपली कामावर घालायची नवी निळी डांगरी आणि लाल टेबलक्लॉथही. झगा बाहेर आला तो जांभळा होऊन. सांगायची छाती होईना. त्याने तो इस्त्री करून कागदात गुंडाळला, थिएटरात पोचवला आणि स्वतः प्रेक्षकांच्या माडीवरच्या शेवटच्या बाकावर जाऊन दडी मारली.

शेवटच्या अंकाआधी एर्सीलियाने कागद उलगडला. दुसरा कुठलाही रंग असता तर निभावलं असतं. पण आमच्याकडे थिएटरात जांभळा म्हणजे साक्षात अवदसा. नायकाचं काम करणारा फाउस्तो किंचाळला आणि धावत जाऊन खोली गरम ठेवणाऱ्या लोखंडी रेडिएटरला चिकटला, कारण अपशकुनावर लोखंडासारखा उतारा नाही. रेडिएटर चांगलाच तापलेला होता.

"हे बाहेर काढा! नाहीतर मी गाणार नाही! आई गं, भाजतंय!"

"मग सोड की ते," कपडेवाली अमाबीले म्हणाली.

"तू आधी झगा ने!"

झगा अंगणात गेला. पांढरं दुसरं काहीच नव्हतं. "बाई, आईचा करडा झगा आणि शाल मोकळी आहे," अमाबीले चाचरत म्हणाली. "तिचं काम कधीच संपलंय."

एर्सीलियाला रडूच कोसळलं. पण घंटा झाली, आणि घंटेपुढे कुणाचं काय चालतं? डोळे पुसून, शाल लपेटून ती बाहेर गेली.

माडीवरचे आमचे लोक म्हणजे महाखट. सूर जरा हलला की शिट्ट्या. आज मात्र ते गोंधळले.

"अरे, ही तर आई!" जीनो खाटीक म्हणाला.

"मग पोरगी कुठाय?"

"गेली असेल कुठे. गप, आई मरतेय!"

खाली फाउस्तो भाजलेले हात पसरून "मला सोडून जाऊ नकोस" असं गात होता, आणि ते आईलाही चपखल बसत होतं. प्रेयसी मेली तर आमचे लोक शेंगदाणे खात बघतात. आईची गोष्ट वेगळी. एर्सीलियाने शेवटचा सूर लावून मान टाकली आणि अख्खी माडी हमसून रडू लागली.

"वन्समोअर!" जीनो गरजला.

"अरे, एकदा मेली ना ती?" शेजारून ओरेस्ते कळवळला. "दोनदा कशाला मारतोस?"

"वन्समोअर दिला तर आधी उठेल तरी!"

ते सगळ्यांनाच पटलं. एर्सीलिया उठली, आणि पहिल्यापेक्षा सुंदर मेली.

पडदा पडल्यावर गांदोल्फी नाक शिंकरत आत आले. "बाई, ठरलं. पुढच्या हंगामापासून तुम्ही आई."

तिचा चेहरा पडला. "साहेब, आपल्याकडच्या एकाही ऑपेरात आई मरत नाही हो."

"आता मरेल."

एर्सीलियाने शाल सावरली. "शेवटच्या अंकात?"

"अगदी शेवटी."

"आणि मी मेल्यावर कुणी गायचं नाही."

"छे! तुमच्यानंतर थेट पडदा."

प्रत्येक ऑपेरात नायिकेच्या मरणानंतरचं मोठं गाणं फाउस्तोचं असायचं. त्याच्यावरच तर त्याचं नाव झालं होतं. तो हातांना लोणी चोळत कोपऱ्यात उभा होता. तो वळला आणि पुन्हा रेडिएटरला जाऊन चिकटला.