मोकाशी साहेबांचे गुडघे

मोकाशी साहेबांना "कसं काय?" असं विचारणं धोक्याचं होतं. बाकीची माणसं "बरंय" म्हणून पुढे जातात. हे थांबत, पांढरी काठी बगलेत मारत आणि सुरुवात करत. "उजवा गुडघा आज वाकायचं नाव घेत नाहीये. खांदा कालपासून धरलाय. पित्ताचं तर विचारूच नका. नोंद घ्या." ते 'नोंद घ्या' खास माझ्यासाठी असे. पनवेलबाहेर आमच्या कारखान्याची वसाहत होती, वसाहतीत नऊ होलचं गोल्फचं मैदान होतं, आणि त्या क्लबाचा मी सेक्रेटरी होतो. दिवसा अकाउंट्समध्ये, संध्याकाळी क्लबात. काम दोन्हीकडे एकच, लोकांना नाही म्हणायचं.

साहेबांच्या तक्रारी ऐकाव्यात आणि मग माणूस पाहावा! क्लबाच्या जेवणात "मला तिखट सोसत नाही" म्हणून आचाऱ्याला वेगळी भाजी करायला लावत, आणि पंगतीत हिरवी मिरची कचाकचा चावून खात. खांद्याला वारा लागतो म्हणून हॉलमधला पंखा बंद करवत, आणि मग स्वतःच घामाने निथळत मान पुसत बसत. आम्ही हसायचो. कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करण्यात माझा हात कोणी धरत नसे, हेही सांगून टाकतो.

एका बाबतीत मात्र अवाक्षर नाही. डोळे. काचबिंदूने दोन्ही गेले होते, उजेड आणि अंधार एवढंच कळे. नोकरी सुटली, वसाहतीतला क्वार्टर सुटला, पनवेलात बाजारामागे पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. पण रविवारी खेळायला हजर. हात पूर्वीपासून बसलेला होता, तो काही डोळ्यांबरोबर गेला नव्हता.

वार्षिक स्पर्धेतही उतरत. त्यांना समितीने मदतनीस घ्यायची सवलत दिली होती. मदतनीसाने दिशा सांगायची, स्टिक चेंडूमागे नीट टेकवून द्यायची आणि बाजूला व्हायचं. फटका खेळाडूचा. मदतनीस होत्या सुमनवहिनी, त्यांच्या पत्नी. गोल साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि खांद्यावर साहेबांचा डावा हात.

अंतर यार्डात सांगायचं असतं, पण यार्ड वहिनींना कधी जमले नाहीत.

"किती लांब?" साहेब विचारत.

"आपल्या जिन्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत."

"मध्ये काय?"

"पालथी कढई. तिच्यापलीकडे वाळू. वाळूत गेलात तर मी नाही शोधायची, सांगून ठेवते."

"वारा?"

"पदर डावीकडे जातोय."

साहेब मान डोलावत, आणि चेंडू बरोबर गिरणीच्या दारात जाऊन पडे.

अशाच एका वर्षी त्यांनी मला हरवलं. कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "सेक्रेटरी, पुढच्या खेपेला तुम्हीही डोळे बांधून खेळा, जमून जाईल!" सगळे हसले. मीही हसलो. ते हसू वर्षभर पोटात आंबत राहिलं.

पुढच्या स्पर्धेआधी साहेब माझ्या टेबलाशी आले. "गुडघे संपले, सेक्रेटरी. नऊ होल चालवत नाहीत. वाहनाची परवानगी हवी. नोंद घ्या." स्पर्धेत सगळ्यांनी चालायचं असा नियम होता, शारीरिक अडचण असली तर समिती सूट देई. क्लबाकडे गाडी नव्हती. साहेब म्हणाले, गाडी मी आणतो. समितीने मान डोलावली आणि मी लिहिलं, खेळाडूस वाहन मंजूर.

गाडी म्हणजे पनवेल स्टँडवरची रिक्षा निघाली. गवत कापायच्या ट्रॅक्टरची एक वाट मैदानाच्या कडेने जात असे, तिच्यावरून ती धडधडत आली. चालवणारा गोमा जवळच्याच गावचा. त्याने इंजिन बंद केलं, हिरवळीकडे दूरवर नजर टाकली आणि मला विचारलं, "साहेब, येवढी जमीन हाय, भात का नाय लावत तुमी?"

रिक्षात बसल्या होत्या सुमनवहिनी. साहेब तिच्या टपाची कड धरून शेजारून टणाटण चालत होते. चेंडूपाशी रिक्षा थांबली की वहिनी दांडा धरून दोन्ही पाय एकदम खाली टेकत, ओठ दाबून क्षणभर तशाच उभ्या राहत आणि मग स्टिक हातात घेत.

तिसऱ्या होलवर मला उलगडा झाला. ती बिनतिखटाची भाजी वहिनींच्या ताटात जायची. पंखा त्यांच्या खांद्यासाठी बंद व्हायचा. साहेबांच्या अंगात एकही दुखणं नव्हतं, सगळी वहिनींची होती. त्या स्वतःसाठी घोटभर पाणीही मागायच्या नाहीत. म्हणून साहेब आपल्या नावावर मागत, आणि वर आमचं हसणंही आपल्याच नावावर घेत.

मी आजवर लोकांना सांगत आलो, की मला कल्पना नव्हती, नियम तो नियम. कल्पना होती. तिथेच, उभ्या उभ्या, सगळं कळलं होतं. आणि गुणांत साहेब माझ्यापुढे होते, तेही कळत होतं.

मी जवळ गेलो. "मोकाशी साहेब, वाहन खेळाडूला मंजूर आहे. मदतनीसाला नाही."

ते थबकले. "मग मी बसतो. तीही बसेल शेजारी."

"मदतनीसाने चालायचं."

"अवो, रिक्षा रिकामी गेली काय नि भरून गेली काय," गोमा म्हणाला, "पेट्रोल तेवढाच जालनार ना?"

"तू मध्ये बोलू नकोस."

वहिनी तोवर उतरल्याच होत्या. "चालते मी. त्यात काय एवढं? चला हो."

चौथा होल चढावर होता. साहेबांचा हात नेहमीसारखा वहिनींच्या खांद्यावर. माणूस लंगडला की त्याचा खांदाही खालीवर होतो. अर्ध्या चढावर साहेब उभे राहिले.

"थांबलात का? चेंडू अजून पुढे आहे."

"माझा गुडघा!" साहेब ओरडले, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे. "मला नाही जमायचं. मी सोडतोय. नोंद घ्या, सेक्रेटरी."

"अहो, पण तुम्ही पुढे आहात," वहिनी कळवळून म्हणाल्या. "असं काय करता? मी चालतेय ना?"

"पाय माझा आहे ना? मग मला ठरवू दे."

मी नोंद घेतली. त्या वर्षीचा कप मला मिळाला. बायकोने तो शोकेसमध्ये ठेवला, मी काढून माळ्यावर टाकला. 

पुढच्या वर्षी मीच समितीत ठराव मांडला, की मदतनीसालाही तीच सवलत असावी. कोणी हूं की चूं केलं नाही. इतकं सोपं होतं ते. सांगायला मी पनवेलला त्यांच्या घरी गेलो.

"चांगलं केलंत," साहेब म्हणाले. "कोणाच्या तरी उपयोगी पडेल."

"कोणाच्या म्हणजे? तुमच्याच. रविवारी मी गाडी पाठवतो."

"सुमनला आता जिना उतरवत नाही हो."

एवढंच. आवाज खाली आलेला. त्यांच्या तोंडून वहिनींचं दुखणं वहिनींच्या नावाने मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मग मदतनीस म्हणून मी येतो."

"तुम्ही मला यार्ड सांगाल," ते म्हणाले आणि हसले.

आता बोलावं असं मी ठरवलं. मला तेव्हा सगळं कळलं होतं, हे सांगून टाकावं. "साहेब, त्या दिवशी मी—"

आतून टक् टक् आवाज आला. साहेबांनी एकदम हात वर करून मला थांबवलं. वहिनी एका हातात माझ्यासाठी चहाचा कप घेऊन येत होत्या. दुसऱ्या हातात साहेबांची सगळ्यात लांब स्टिक होती, उलटी धरलेली, डोकं मुठीत. वहिनींच्या उंचीला पुरेल एवढी ठेवून खालून कापून घेतलेली, टोकाला रबराचं बूच. साहेबांचा चेहरा त्या आवाजाबरोबर वळत होता. उंबरठा, फडताळ, टेबलाची कड. वहिनींनी कप माझ्यापुढे ठेवला आणि त्या हळूहळू खुर्चीत टेकल्या. खुर्ची कुरकुरली.

तेव्हा कुठे साहेबांनी हात खाली घेतला. "हं, सेक्रेटरी. काय म्हणत होतात?"

"काही नाही," मी म्हणालो आणि चहा घेतला.