लाल गाडीचे प्लग वेळेआधी बदलिले त्याची हकीकत

श्री. विघ्नहर्ता पुढे, राज्य त्याचे मागे, आणि लिहिणार सर्वांचे मागे धुळीत चालतो; सबब धुळीतून जे दिसले तेच लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विनमास. ते समयी डोंगराचे अलीकडे एक राज्य होते आणि तेथे रायाजीराजे राज्य करीत होते. राजे शूर, धर्मशील, प्रजेवर ममता बहुत, परंतु जीव गुंतला एका लाल गाडीत. गाडी विलायती, सहा सिलिंडरांची, वेग ऐसा की रस्त्यावरील कुत्रे भुंकावयास तोंड उघडी तो गाडी पुढील गावात, आणि ते भुंकणे मागून येणाऱ्या एस्टीचे वाट्यास जाई. आता गाडीवर इतका जीव का, तर त्यास कारण घाटमाथ्यावरील तळे. माथ्यावर खिंड, खिंडीत तळे, आणि त्याचे पाणी अलीकडील गावांसही हवे, पलीकडील राज्याचे गावांसही हवे. पूर्वी या पाण्यावरोन डोकी फुटत. मग दोहींकडील वडीलधाऱ्यांनी तोड काढिली की, दसऱ्यास सीमोल्लंघनाचे निमित्ते दोन्ही राज्यांची एकेक गाडी आपापल्या बाजूने घाट चढेल, आणि जी आधी खिंडीस पोहोचेल तिचे गावांस त्या वर्षी पाणी आधी सुटेल. दुसऱ्यांनी उरेल ते घ्यावे. उरे ते थोडकेच.

रायाजीराजे यांचे तीर्थरूप थोरले महाराज यांचे वेळेस ऐसे जाहाले की, त्यांची गाडी अर्ध्या घाटात आचके देऊन बंद पडली. दुतर्फा उभी प्रजा ओरडली, "महाराज, उतरा, आपण सगळे मिळोन ढकलू!" थोरले महाराज बोलिले, "राजा गाडी ढकलीत नाही," आणि काचा वर करोन आत बसोन राहिले. मग पलीकडची गाडी खिंडीस पोहोचली, त्यांचे नगारे वाजले, आणि त्या उन्हाळ्यात अलीकडील गावे चिखल गाळोन पाणी प्याली. रायाजीराजे तेव्हा कोवळे, मागील आसनावर बसले होते. तीर्थरूपांची मान ताठ आणि मानेवरोन घामाची धार, हे त्यांनी पाहिले, आणि "आबासाहेब, उतरा ना," हे शब्द ओठांवर येऊन परत गेले. त्या दिवसापासोन गाडी बंद पडण्याचे भय जे पोटात बसले ते उठलेच नाही. राज्यात धरण गळे, शाळेचे छप्पर उडे, नदीवरील पूल पाळण्याप्रमाणे हले, तेथे राजे म्हणत, "पडेल तेव्हा पाहू." परंतु लाल गाडीस शिंक येण्याआधी औषध तयार.

ऐसे असता घटस्थापना जाहाली, आणि दुपारचे भोजन करोन राजे मोबाइल पाहात पहुडले असता कोणा दूरदेशीच्या शहाण्याचा मजकूर नजरेस पडला की, वेगवान गाडीचे प्लग बिघडण्याची वाट पाहू नये, आधीच बदलावे. राजे उठोन बसले. तत्काळ दरबार भरविला आणि गाडीखान्याचे दरोगे निंबाजी यांस पाचारण केले. निंबाजी विलायतेस शिकोन आलेले, तिकडील थंडीचे वर्णन केल्यावाचून मुद्द्यास येत नसत. ते वर्णन जाहाले, मग बोलिले, "महाराज, प्लग म्हणजे इंजिनातील चकमक. ती ठिणगी पाडते, पेट्रोल पेट घेते आणि गाडी धावते. आपले प्लग उत्तम आहेत. आणखी दोन दसरे सहज काढतील." राजे बोलिले, "उत्तम आहेत म्हणोनच बदलावे. वाईट जाहाल्यावर कोणीही बदलील." हे वाक्य ऐसे वजनदार की सभा डोलू लागली. दिवाण त्र्यंबकपंत तेवढे डोलले नाहीत. ते बोलिले, "महाराज, न दुखणारा दात उपटावा, तैसे हे होईल." राजे शांतपणे बोलिले, "दिवाणजी, आपणही अद्याप उत्तमच आहा." दिवाण समजले, आणि लागलीच उठोन बोलिले की प्लग बदलण्यातच राज्याचे परम हित आहे, किंबहुना आजवर न बदलिले हीच चूक. मग दवंडी पिटली, आणि डोंगरापलीकडचे हेर ती ऐकोन रात्रीच्या आत आपल्या धन्याकडे, म्हणजे पलीकडील राजे जानराव यांजकडे, पोहोचले.

नवे प्लग शहराहून आले तो खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशी हत्यारे धुवोन, पुसोन, झेंडूची फुले वाहोन त्यांची पूजा करावी, हाती धरोन चालवू नयेत, ऐसा प्रघात. राणीसाहेब गुणवंताबाई पूजेचे ताट घेऊन गाडीखान्यात आल्या, पाहतात तो राजांनी अंगरख्याच्या बाह्या सारिल्या आहेत आणि पूजेतला पाना हळदीकुंकवासकट उचलिला आहे. राणीसाहेब बोलिल्या, "अहो, आज पान्यास विसावा असतो. उद्या पहाटे करा." राजे बोलिले, "उद्या दसरा. उद्या गाडी चालवावयाची, खोलावयाची नाही." निंबाजी बोलिले, "निदान इंजिन गार होऊ द्यावे, महाराज. तापल्या इंजिनात प्लग आटे धरोन बसतो." कारण राजे नुकतेच लाल गाडी नगरातून फिरवोन आले होते, जुन्या प्लगांची अखेरची स्वारी म्हणोन. परंतु अंगणात प्रजा जमली होती, माणसे भिंतीवर चढली होती, आणि राजा इंजिन गार होण्याची वाट पाहात उभा आहे हे दृश्य राजांस शोभेसे वाटेना. मग हात घातला. एक प्लग निघाला, दुसरा निघाला, आणि दर प्लगास प्रजा टाळ्या वाजवी. राजे प्लग उन्हात धरोन पाहात, तो टोक स्वच्छ, काजळी नाही, आणि तरीही मान हलवोन म्हणत, "वेळेवर काढिला." शेवटचा प्लग अवघड कोपऱ्यात, तो हलेना. राजांनी पाय रोविले, दात आवळिले आणि जोर केला. कर्र ऐसा बारीक आवाज जाहाला. प्लग हाती आला, आणि प्लगासंगे इंजिनाचे आटेही आले, जैसी दाढेसंगे हिरडी यावी. नवा प्लग बसवू गेले तो गोल गोल फिरे, धरेना. प्रजेने टाळी वाजविली, कारण प्रजेस काय कळते? निंबाजी खाली वाकले, पाहिले, आणि विलायतेविषयी काहीही न बोलता उभे राहिले, तेव्हाच राजे समजले की गाडी गेली.

अंगण रिकामे जाहाल्यावर राजे गाडीच्या चाकास टेकोन भुईवर बसले. हात काळे, मान ताठ. राणीसाहेबांस बोलावयाचे बहुत होते, परंतु ती मान पाहोन त्या इतकेच बोलिल्या, "उद्या माझी गाडी घेऊन जाऊ." राणीसाहेबांची गाडी म्हणजे जुनी, पांढरी, बुटकी, तीतून त्या बाजारास आणि माहेरास जात. निंबाजींनी विचारिले, "राणीसाहेब, हिचे प्लग कधी बदलिले?" त्या बोलिल्या, "हिला प्लग असतात हे मज आजच कळले." निंबाजींनी लाल गाडीचे नवे प्लग लावोन पाहिले, ते मापाने बसेनात, आणि सणामुळे दुकाने बंद. मग जैसे होते तैसेच ठेवोन गाडीस हार घातला.

दसऱ्यास निघाले. राणीसाहेब चालवावयास बसल्या, म्हणाल्या, "हिच्या खोडी मज ठाऊक." शेजारी राजे, मागे दिवाण गुडघे छातीशी घेऊन. घाटात गावोगावची माणसे लाल गाडीची वाट पाहात उभी होती. पांढरी गाडी पाहोन वाटले, राजा मागून येतो, ही भाजी आणावयास चालली असेल. गाडी खोकत खोकत निम्मा घाट चढली, वरील वळणे चढली, आणि शेवटच्या वळणावर आचके देऊ लागली. राणीसाहेबांनी गियर पाडिला, तिला गोंजारिले, तिच्यावर रागावल्या, परंतु ती बंद पडली ती पडलीच. प्लग संपले होते. ज्या शहाण्याचा मजकूर राजांनी वाचिला तो खरा होता, केवळ गाडी दुसरी निघाली.

प्रजेतून कोणी "उतरा" म्हणाले नाही. थोरल्या महाराजांचे उत्तर गावांस पाठ होते. राजांचा हात आपसूक काच वर करण्याच्या बटणावर गेला. मानेवरोन घामाची धार उतरली. आत हवा नाही, बाहेर हजार डोळे, आणि पलीकडून नगारा केव्हा वाजेल याचा नेम नाही. राणीसाहेब समोर पाहात होत्या. मग राजांनी दार उघडिले, शिरीचे पागोटे काढोन दिवाणांचे मांडीवर ठेविले, आणि खाली उतरोन गाडीचे मागे गेले. सुभानजी पाटील धावत आले, बोलिले, "महाराज, आपण नुसता हात लावा, आम्ही ढकलतो." राजे बोलिले, "हात नव्हे, पाटील, खांदा. सरका, जागा द्या." आणि खांदा लाविला. मग पाटलांनी लाविला, मग आणखी लोक आले, आणि दिवाणही उतरले, कारण आत बसोन ढकलून घेणे त्यांस बरे दिसेना. राजांची मोजडी निसटोन दरीत गेली. बाया पदर तोंडास लावोन हसू लागल्या, मग पदर सोडोन हसू लागल्या. राणीसाहेब खिडकीतून डोके काढोन ओरडल्या, "जोर लावा! बाजारचा चढ याहून मोठा आहे!" तेव्हा राजेही हसले, आणि हसताना जोर कमी पडतो म्हणोन पाटील त्यांजवर खेकसले. राजांनी खेकसणे मानोन घेतले आणि जोर लाविला.

ऐसे खिंडीस पोहोचले तो पलीकडचा रस्ता मोकळा. जानरावांचे वकील एकटेच दगडावर बसले होते. राजांनी धाप टाकीत विचारिले, "तुमचे धनी कोठे?" वकील खाली पाहोन बोलिले, "आपण काल प्लग बदलिले ऐसे हेरांनी रात्री कळविले. मग आमच्या धन्यांनीही आज सकाळी आपले काढविले. आता नवे घालावे की निघाले तेच परत घालावे यावर दरबार बसला आहे. मत पडले नाही." मग वकिलीची आठवण होऊन त्यांनी हरकत घेतली, "परंतु ढकलोन आणिली ती गाडी आली ऐसे कैसे म्हणावे?" त्र्यंबकपंत कंबर धरोन बोलिले, "चाके आहेत, राणीसाहेब आत आहेत, आणि तुमची कोठे दिसत नाही." वकील दगडावरोन उठोन बाजूस जाहाले. तळ्याचे दार अलीकडील बाजूस उघडिले, आणि पाणी पाटातून गावांकडे धावू लागले.

लोक गुलाल उधळीत उतरले. राजे तळ्याचे काठी अनवाणी बसले, खांदा चोळीत. राणीसाहेब शेजारी येऊन बसल्या. राजे पाण्याकडे पाहात हळूच बोलिले, "आबासाहेबांस त्या दिवशी आत बहुत उकडले असेल." राणीसाहेबांनी आपला पदर भिजवोन त्यांचे खांद्यावर ठेविला.

येणेप्रमाणे जाहाले ते लिहिले. सारांश, राजाचे हसे जाहाले, आणि राज्याचे पाणी राहिले.