पोलादपूर नाक्यावरचा बर्फनाच

सहदेव महाडच्या पेट्रोलपंपावरून बायकोला न घेताच पोलादपूरला आला. पेट्रोल भरताना चंद्रभागा खाली उतरली होती. ती पुन्हा मोटरसायकलवर मागे बसली की नाही, हे त्याने पाहिलंच नाही. वाटभर तो तिच्याशी बोलत होता आणि ती एकदाही उलटून बोलली नाही, म्हणून खुशीत होता.

तेव्हापासून चंद्रभागेने अबोला धरला. आज तर पिशवी भरून ती नाक्यावरच्या स्वतःच्याच चहाच्या हॉटेलात, महाबळेश्वरहून येणाऱ्या मुंबई एसटीची वाट बघत बसली. मुलाकडे जायचं, ते कायमचं.

"अगो, चुकलो म्हणतोय ना," सहदेव म्हणाला.

"सांगा कुणीतरी ह्यांना," चंद्रभागा भिंतीला म्हणाली, "मी अजून पंपावरच हाय."

एवढ्यात खाली कोकणात जाणाऱ्या कशेडी घाटात दरड आल्याची बातमी आली आणि पोलिसाने तिकडच्या गाड्या नाक्यावरच अडवल्या. एकीतून सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी ताठ रशियन बाई उतरली. नाव गालिना. सोबत तिला कोकण दाखवणारी श्रुतिका. त्यांच्या मागे हर्णै बंदराला बर्फाच्या लाद्या नेणारा टेम्पो.

"या सोव्हिएत काळातल्या चॅम्पियन आहेत," श्रुतिकाने सांगितलं, "बर्फावर जोडीने नाचण्यातल्या."

चंद्रभागा पिशवीसकट पुढे सरकली. "बर्फावर? पाय गारठत नाय? नि जोडी म्हंजे नवऱ्यासंगट?"

श्रुतिका विचारून विचारून सांगू लागली. हिवाळ्यात कारखान्याच्या अंगणात पाणी सोडायचे, त्याचा बर्फ झाला की त्यावर गालिना लहानपणी शिकली. जोडीदार नवरा नव्हता. दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नसे, तरी जोडीने पदकं जिंकली. कारण नियमच तसा, जोडीदाराला सोडून लांब गेलं की गुण कापतात.

"झ्याक नियम हाय," चंद्रभागा भिंतीला म्हणाली.

बायको रमलेली बघून सहदेवला वाटलं, आता नाच झाला तर एसटी चुकेल. त्याने टेम्पोवाल्याला पटवलं, "तशाबी वितळतायत," आणि उतरत्या अंगणात लाद्या एकीला एक लावल्या. गालिनाने नकारार्थी मान हलवली.

"दोन्ही गुडघे बदललेत त्यांचे," श्रुतिका म्हणाली.

"नुसतं उभं ऱ्हायचं. घसरत नाय, ह्ये बघा!" सहदेव लादीवर चढला आणि घसरला. हाताला लागलं ते त्याने धरलं. ती चंद्रभागा होती. तिला घेऊन तो लादीसकट उतारावरून निघाला.

"सोडा मला!"

"सोडलं तर पडशील गो!"

लादीने पोलिसाला एक वळसा घातला, टेम्पोला दुसरा. चंद्रभागेचा एक पाय हवेत गेला तो तिसऱ्या वळणापर्यंत खाली आला नाही. नेमकी तेव्हाच आलेल्या एसटीच्या दारापाशी लादी थांबली. सहदेवने हात सोडला आणि कपाळाचा घाम पुसला.

गालिना टाळ्या वाजवत काहीतरी ओरडली.

"सहापैकी पाच पूर्णांक नऊ दशांश देतायत!" श्रुतिका म्हणाली.

"आणि उरलेला कुठं गेला?" चंद्रभागेने दरडावलं.

"शेवटी पुरुषाने हात आधी सोडला, म्हणून कापला."

चंद्रभागेने सहदेवकडे एकवार पाहिलं. मग त्याचं मनगट पकडून ती एसटीत चढली.

"मुंबई. एक आख्खा, एक हाफ."

"अगो, हॉटेल उघडं हाय! दूध ठेवलंय चुलीवर!"

एसटी हलली. सहदेवने खिडकीतून मान बाहेर काढली. चॅम्पियनबाई पदर खोचावा तसा स्वेटर खोचून, उतू जाणारं पातेलं फडक्याने उतरवत होती आणि पोलीस तिला सांगत होता, "मावशी, दोन कटिंग. साखर कमी."