लांगवेर बेटाची स्वावलंबन समिती

लेकरू वेळेवर घराबाहेर काढणे हे सुसंस्कृत समाजाचे पहिले लक्षण होय. या बाबतीत लांगवेर बेटाने अख्ख्या नॉर्वेला शिकवणी द्यावी. बेटावरची शाळा दहावीला संपते. पुढे सोळाव्या वर्षी पोराने बोटीत बसायचे, शहरात खोली घ्यायची आणि आपले बटाटे आपण उकडायचे. कुठली शाळा, कुठला विषय, हे कायद्याने पोरानेच ठरवायचे. आईबापांना मत मांडायची पूर्ण मुभा आहे (स्वयंपाकघरात, दार लावून).

इतक्या नाजूक कामात हयगय नको, म्हणून बेटाने स्वावलंबन समिती नेमली. अध्यक्षा हेर्दिसबाई. बाई म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. त्यांनी पोरांना कपडे धुणे, मासा साफ करणे आणि घरमालकिणीशी भांडणे (सौम्य व तीव्र) हे विषय लावले. पालकांनाही मोकळे सोडले नाही: पहिला महिना फोन करायचा नाही, डबा पाठवायचा नाही, धक्क्यावर रडायचे नाही. अगदीच अनावर झाल्यास वाऱ्याकडे तोंड करावे. एका माउलीने चोरून माशांच्या वड्या धाडल्या, तर भर सभेत तिची अशी हजेरी घेतली की बिचारी वर्षभर वड्या करायचं विसरली.

निकाल शंभर टक्के. एकही पोर नापास नाही. (नापास म्हणजे परत आलेले.)

यंदा बाईंची स्वतःची लेक गेली, सुन्निवा. दहावीत ती एकटीच होती; खालचे वर्ग आधीच रिकामे. नियमाप्रमाणे महिना काढून बाईंनी फोन लावला. काही तरी बिनसलेलं असावं, एवढीच बाईंमधल्या माउलीची इच्छा.

“बटाटे करपतात का गं?”

“नाही. तूच शिकवलंयस की.”

“कपड्यांना एकमेकांचा रंग लागला असेल.”

“छे. शेजारच्या पोरांचे पण मीच धुऊन देते.”

“हे बघ, घरची आठवण येत असेल तर सांग. मी समितीत बोलणार नाही.”

“आई, बरी आहेस ना तू?” पोरगी काळजीने म्हणाली. “आणि नाताळचं नक्की नाही हं. बेकरीत काम मिळालंय. बघते.”

बाईंनी फोन ठेवला आणि हुंदका दिला. लेक पहिल्या नंबराने पास झाली होती.

“तूच केलंस ना औषध?” नवरा ओड्वार म्हणाला. “मग आता प्यायला तोंड का वाकडं करतेस?” एवढं बोलून तो लेकीच्या खोलीतला दिवा गेलाय का ते बघायला गेला. दिवा ठीक होता. तो बराच वेळ तिथेच बसला.

आता पोरेच उरली नाहीत, म्हणून शाळा बंद झाली. समिती मात्र जोमात आहे. सभासद आळीपाळीने एकमेकांच्या दारातला बर्फ काढतात आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एकमेकांच्या डोळ्यांत थेंब घालतात. शासनाने या स्वावलंबनाची दखल घ्यावी, असा ठरावही झाला आहे.

हसणाऱ्या वाचकांना एकच नम्र विचारणा. आपले चिरंजीव हल्ली कुठे असतात? अमेरिकेत? वा, अभिनंदन.

आणि तुमचे थेंब कोण घालतं?