दोन शाहिरांची ज्येष्ठता यादी

पत्र सकाळी अकराला आलं आणि साडेअकरापर्यंत खात्यातली चारही टेबलं दोन पक्षांत वाटली गेली.

साल छप्पन, सप्टेंबर महिना. एक नोव्हेंबरला मध्यभारत मोडणार, मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार. तिथल्या सोहळ्यात गायला ग्वाल्हेरनं आपला शाहीर पाठवावा, असं पत्रात होतं. एकच. 'ज्याने आजवर शहर गाजवले असा.'

एक म्हणजे पंचाईतच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शाहिरांचे दोन पक्ष, कलगी आणि तुरा. समोरासमोर बसायचं, डफावर सवाल टाकायचा, समोरच्यानं तिथल्या तिथं कवनातच जवाब द्यायचा. नाही सुचला तर मान खाली. कलगीचे सूर्याजीराव दाना ओलीत राहायचे, तुऱ्याचे दौलतसिंह जयेंद्रगंजात. शहर कुणाचं, यावर पानाच्या ठेल्यांपासून कचेरीपर्यंत डोकी फुटायची बाकी होती.

खात्यातला टंकलेखक बळवंत हा सूर्याजीरावांचा पुतण्या. बाप लवकर गेला, काकांनी वाढवलं. काकांच्या मागे बसून तो डफ वाजवायचा. गळा देताना मात्र देवानं हात आखडता घेतला होता. टायपिंग तो स्वतःच शिकला, दोन बोटांनी. पत्र वाचलं आणि त्यानं तिथंच ठरवून टाकलं, नाव जाईल तर काकांचंच. आयुष्यभर गायले बिचारे, सरकारी कागदावर एकदासुद्धा नाव नाही.

"बत्तीस सालापर्यंत दौलतसिंह," हेडक्लार्क मधुसूदनपंत म्हणाले. "त्यात वादच नाही."

"आणि बत्तीसनंतर? छत्री बाजारात काकांनी तीन सवाल टाकले. समोर सगळे चिडीचूप!"

"अरे भैया, त्या दिवशी त्याचा गळा बसला होता."

"सदतीसला पण बसलेला? चाळीसला पण? गळा आहे का खटारा?"

"हे बघ, छत्तीसला तुझे काका..."

"छत्तीसला काकांना टायफॉइड होता!"

संध्याकाळपर्यंत दोघं सत्तेचाळीसपर्यंत पोचले आणि परत बत्तीसला आले.

त्या दिवसांत सगळ्या कचेऱ्यांना एकच ताप चढला होता, ज्येष्ठता यादी. चार राज्यांचे कारकून एकत्र होणार, मग कोण कुणाच्या वर? जो आधी नोकरीला लागला तो वर. त्याचे छापील तक्ते गठ्ठ्यानं पडले होते. रात्री काकांनी सांगितलं होतं, ते एकोणीसशे पाच साली गायला लागले, दौलतसिंह सात साली. सकाळी बळवंत तक्ता घेऊन पंतांसमोर उभा राहिला.

"पंत, भांडायचंच कशाला? नियमानं करू. नोकरीच्या जागी गायन लिहायचं. ज्याचं आधी सुरू झालं तो वर, आणि वरचा भोपाळला."

पंतांना नियम म्हटलं की विरघळायला व्हायचं. "बरोबर आहे. पण तक्त्यात कमीत कमी तीन नावं लागतात."

"तिसरं माझं टाकतो. डफ, सन बावन्नपासून, अस्थायी."

"आणि यादी सात दिवस फळ्यावर लावावी लागेल. हरकती येऊ शकतात."

"येऊ द्या की!"

हरकत दुसऱ्याच दिवशी आली. स्वतः चालत, छत्री आपटत.

"सूर्याजी पाचचा?" दौलतसिंह गरजले. "मग मी दोनचा. लिही!"

"दादा, तुम्ही सातला लागलात असं..."

"कोण बोललं? सूर्याजी? त्याच्या मुंजीत मी गायलोय! लिही मी सांगतो ते."

हरकत आली की तक्ता बदलायचा, असा नियमच. बळवंतनं दात खात बदलला आणि संध्याकाळी घरी सांगितलं.

"दोनचा?" काका पाटावरून उठले. "माझं लिही, अठ्ठ्याण्णव."

"अहो, अठ्ठ्याण्णवला तुम्ही चार वर्षांचे होतात," काकू भाकरी थापत म्हणाल्या. "लंगोट बांधता येत नव्हता, डफ काय बांधणार?"

"मग जन्म मागे घे, बळवंता!"

बळवंतनं घेतला. काकांसाठी काय पण. दौलतसिंहांनी आपला जन्म त्याच्याही मागे नेला. तिसऱ्या दिवशी दोघं सत्तावन्नच्या गदरच्या आसपास होते. पाचव्या दिवशी काकांना गदर चांगला आठवायला लागला. सातव्या दिवशी पाचला पाच कमी असताना बळवंतनं शेवटची ओळ बडवली. सूर्याजीराव, जन्म १८५०, गायनास आरंभ १८६१. खाली दौलतसिंह, जन्म १८५२, आरंभ १८६३. पाच वाजले, फळ्यावरची यादी पक्की झाली.

पंतांनी चष्मा पुसला. "बळवंत, एकशे सहा वर्षं?"

"पंत, हरकतीची मुदत संपली. आता देव आला तरी यादी बदलत नाही. नियम."

"ते खरंच आहे," म्हणत पंतांनी सही केली.

महिनाभर बळवंत हवेत होता. काकांची शेरवानी उन्हात टाकली, फेट्याला खळ घातली. काकांनी सगळ्या दाना ओलीला आवाज देऊन सांगितलं, की भोपाळला जाऊन राहिलोय.

सत्तावीस ऑक्टोबरला लिफाफा आला. बळवंतनं तो टेबलाशी उभ्या उभ्याच फाडला, आणि मग खुर्चीत बसला.

भोपाळला तक्त्यांचे डोंगर साचले होते. तिथल्या बाबूनं हाही तक्ता कारकुनांच्याच ढिगात घातला आणि कारकुनांसारखाच निकाली काढला. क्रमांक एक, सूर्याजीराव. वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण, सबब सन १९०५ पासून सेवानिवृत्त. क्रमांक दोन, दौलतसिंह. तेच, सन १९०७ पासून. त्यानंतर दोघांनी केलेले समस्त काम अनधिकृत समजावे. क्रमांक तीन, बळवंत. यादीत एकटाच कार्यरत, सबब स्थायी. एकतीस तारखेला भोपाळला हजर व्हावे आणि एक तारखेच्या सोहळ्यात गावे.

घरी कसं सांगायचं याचा विचार करत बळवंत दाना ओलीत पोचला, तर ओट्यावर दौलतसिंह बसलेले. हातात आदेशाची प्रत. प्रत सर्वांना पाठवायची, असाही नियम होता.

"वाच," काका म्हणाले. त्यांनी शेरवानी घालून बघितली होती, ती अजून अंगावरच होती.

बळवंतनं वाचलं. "काका, माझं चुकलं. मला तुमचं नाव वर पाहिजे होतं, बस. कागदावर."

काकांनी दौलतसिंहांच्या हातातली प्रत ओढून घेतली. मग म्हणाले, "पाच सालापासूनचं सगळंच अनधिकृत?"

"सगळं."

"छत्री बाजार?"

"ते पण."

"क्या बात है!" दौलतसिंह ताडकन उठले. "म्हणजे छत्री बाजारात मी हरलोच नाही! सरकार बोलून राहिलंय!"

"मग बत्तीसच्या आधी तू जिंकलास ते कुठं राहिलं? तेही गेलं!"

"जाऊ दे! सूर्याजी, तुझंही शून्य, माझंही शून्य. आता काय करतो बोल?"

काकांनी शेरवानीची बटणं सोडली आणि ओट्यावर मांडी ठोकली. "करायचं काय? बस समोर. होऊन जाऊ दे."

"अहो पण मला एक तारखेला गायचंय!" बळवंत ओरडला. "सरकारी आदेश आहे! मला एक ओळ येत नाही! दोघांपैकी कुणी तरी शिकवा ना!"

"थांब जरा," काका त्याच्याकडे न बघताच म्हणाले. "आधी आमचं ठरू दे. दौलत, पहिला सवाल माझा."

"तुझा कशाला? माझा!"

आतून काकूंनी डफ आणून बळवंतच्या मांडीवर ठेवला. ग्वाल्हेरचा एकमेव अधिकृत शाहीर मुकाट्यानं दोघांच्या मधे बसला आणि ठेका धरला.