दोघांचा फोटो

धम्मपालचे डोळे फोटोत मिटतात. हा आजार नव्हे, डॉक्टरला विचारून झालंय. एरवी ते व्यवस्थित उघडे असतात (दुपारच्या जेवणानंतर ऑफिसातल्या खुर्चीवर सोडून), पण समोर कॅमेरा आला की दुकानाचं शटर पडावं तसे खाली येतात. लग्नाचा अख्खा अल्बम असाच आहे. त्रिसरण-पंचशील चालू असतानाचा फोटो तेवढा शोभतो, कारण तिथं सगळ्यांनीच डोळे मिटलेत. बाकी ठिकाणी नवरा मुलगा उभ्या उभ्या झोपलाय आणि श्रावस्ती त्याला टेकू देऊन उभी आहे, असंच वाटतं. शिवाय प्रत्येक फोटोत कुणीतरी तिसरं आहेच. आत्या, मावसभाऊ, नाहीतर आहेराचं पाकीट धरलेला कुणी अनोळखी गृहस्थ. सेल्फीचाही उपयोग नाही. बटन स्वतः दाबायचं असलं तरी हा पठ्ठ्या नेमका दाबताना डोळे मिटतो.

धाराशिवच्या बसस्टँडसमोर त्याचं टूर्सचं ऑफिस आहे. यंदा त्यानं ‘हनिमून क्रूझ’ काढायचं ठरवलं. जिल्ह्यातली नवी जोडपी जमवायची, मुंबईहून गोव्याच्या मोठ्या जहाजावर चढवायची आणि डेकवर समुद्राच्या साक्षीनं त्यांचे झकास फोटो काढून द्यायचे. हे ऐकून श्रावस्तीनं एकच मागणं मागितलं.

"मीबी येणार. आपलं हनिमून तुमच्या मामाच्या गावाला झालं, तेबी मामा आजारी होते म्हणून. मला दागिना नको, साडी नको. एक फोटो पाहिजे. दोघांचाच. तिसरं कुणी नको, आन् तुमचे डोळे उघडे पाहिजेत."

"दिला," धम्मपाल म्हणाला. पहिल्या तीन गोष्टी त्याच्या हातात होत्या. चौथीचं बघू म्हणाला मनात.

प्रश्न होता फोटोग्राफरचा. जहाजावर त्यांचा स्वतःचा फोटोग्राफर असतो, पण धम्मपालनं त्याचे नमुने मोबाईलवर पाहिले आणि त्याला घाम फुटला. एकात नवऱ्यानं नवरीला उचललं होतं. दुसऱ्यात नवरीनं नवऱ्याला. आपल्याकडची पोरं परक्या माणसासमोर बुजतील, असा त्यानं विचार केला आणि आपल्या मुलखातला, वयस्क, भरवशाचा माणूस न्यायचं ठरवलं. पुढचं सगळं रामायण या एका निर्णयातून झालं.

तो माणूस म्हणजे नळदुर्गचे शरणबसप्पा. हयात लग्नांचे फोटो काढण्यात गेली. कॅमेऱ्यातून बघून बघून उजवा डोळा टपोरा झालेला आणि डावा कायमचा बारीक. माणूस देवासारखा, हात तयार. खोड एकच. समोरच्याचं गाव आणि घर विचारल्याशिवाय त्यांचं बोट बटनावर जात नाही.

जहाज सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डेकवर सगळे जमले. ऊन सोनेरी झालेलं, वारा बेताचा. पहिली पाळी कृष्णराज आणि राजेश्वरीची. राजेश्वरीनं खास या फोटोसाठी सोलापूरहून लाल गाऊन आणला होता. कृष्णराजनं तिच्या कमरेत हात घातला, ती त्याच्या खांद्यावर रेलली, धम्मपालला धन्य वाटलं.

शरणबसप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि परत खाली घेतला.

"गाव कोणतं तुमचं?"

"जळकोट," कृष्णराज म्हणाला.

"जळकोटात कुणाचे?"

"बलभीमरावांचा नातू."

"बलभीमअण्णा?" शरणबसप्पांचा उजवा डोळा आणखी मोठा झाला. "आरं, त्ये आन् माझे वडील एका ताटात जेवलेले. तुझा बाप मला भाऊ म्हणतो. म्हंजी मी तुझा चुलता की रं."

कृष्णराजचा हात कमरेवरून असा निघाला, जणू तिथं विस्तव होता. राजेश्वरी तर चुलतसासऱ्यासमोर गाऊनमध्ये उभी. डोक्यावर घ्यायला पदर नाही. तिनं नवऱ्याचा कोट ओढून डोक्यावर घेतला आणि वाकून नमस्कार केला. मग दोघं हातभर अंतर ठेवून, खाली मान घालून उभे राहिले. शरणबसप्पांनी फोटो काढला. पाठीमागं अरबी समुद्र नसता तर तो वर्षश्राद्धाचा म्हणून खपला असता.

पुढची जोडी येरमाळ्याची. धम्मपाल आधीच पुढं झाला.

"काका, गाव विचारू नका."

"बरं, न्हाय विचारत," शरणबसप्पा म्हणाले आणि नवरीकडं वळले. "पोरी, आडनाव काय म्हणलीस?"

तिच्या मावशीचं लग्न त्यांनीच लावून दिलेलं निघालं. ते तिचे मामा ठरले. तिसऱ्या जोडीचे तर आजोबाच झाले. आपला जिल्हा एवढाच आहे हे धम्मपालला ठाऊक होतं, पण तो सगळाच्या सगळा एका कॅमेऱ्यामागं मावेल हे ध्यानात आलं नव्हतं. कोपऱ्यात उभी श्रावस्ती पदर तोंडाला लावून हसत होती.

"हसू नको," तो तिच्या कानाशी म्हणाला. "धंदा बुडतोय."

"मग तुम्हीच काढा की. तुम्ही तर कुणाचेच कुणी न्हाय."

तोडगा चांगला होता. शरणबसप्पांनी कॅमेरा तिवईवर बसवून, सगळं जुळवून द्यायचं आणि मग समुद्राकडं तोंड करून उभं राहायचं. बटन धम्मपालनं दाबायचं. सासरा पाठमोरा झाला तसा राजेश्वरीनं कोट फेकला. जोडपी खुलली. धम्मपालला चेव आला.

"जवळ या की. लाजता काय? अहो, बायकोच आहे तुमची," तो ओरडत होता. "हात धरा. असा नव्हे, राखी बांधून घेताना धरता तसा नव्हे."

"आता वळू का?" शरणबसप्पा मधूनमधून विचारत.

"थांबा काका, लई नाजूक प्रसंग आहे."

फोटो खरंच सुंदर आले. (एकदोघांची डोकी थोडी कापली गेली, कारण बटन दाबताना याचे डोळे मिटतात.) पण या नादात सूर्य पाण्याला टेकला.  श्रावस्ती केव्हाची केस नीट करून, निळ्या साडीच्या निऱ्या धरून कठड्याशी उभी होती. तिच्याकडं लक्ष गेलं आणि धम्मपालला लाज वाटली. सगळ्या जगाचे दोघादोघांचे फोटो निघाले, आणि जिनं एवढंच मागितलं होतं ती रांगेत शेवटी.

"काका, या लवकर. आता आमचा."

तो धावत तिच्याजवळ गेला, तिचा हात हातात घेतला आणि डोळे ताणून उघडे ठेवले. शरणबसप्पा कॅमेऱ्यामागं आले. सवयीप्रमाणं थांबले.

"मॅडमचं माहेर कुठलं?"

 श्रावस्तीनं धम्मपालचा हात दाबला. संध्याकाळभर सगळं बघून ती शहाणी झाली होती. धम्मपाल झाला नव्हता.

"तुमच्या नळदुर्गचीच की," तो अभिमानानं म्हणाला. "गुलाब मास्तरांची मुलगी. ही लहान असताना त्यांची बदली झाली."

श्रावस्तीनं डोळे मिटले. शरणबसप्पांनी कॅमेरा सोडला.

"गुलाब मास्तर? पोरी, त्यांच्या बोलण्यानं म्या हा धंदा धरला. थोरला भाऊ मानतो त्यांना. तू तर माझी पुतणी. आन् हे," ते धम्मपालकडं वळले, "हे आमचे जावईबापू, आन् आमी त्यांना इतके दिवस नुसतं धम्मपाल म्हणतोय."

धम्मपालच्या हातातून श्रावस्तीचा हात कधी सुटला ते त्याला कळलंही नाही. घटकेपूर्वी जगाला ‘लाजता काय’ म्हणणारा हा माणूस चुलतसासऱ्यासमोर हात बांधून, खाली मान घालून उभा राहिला.

"जावयाला मोकळं कसं सोडायचं?" शरणबसप्पांनी पिशवीतून कोरा टॉवेल काढून त्याच्या खांद्यावर टाकला. टोपी नव्हती म्हणून कृष्णराजनं आपली गोव्याची कॅप दिली. नारळ नव्हता म्हणून जहाजाच्या हॉटेलातून मोसंबी आली. "या रं पोरांनो सगळे. जावयाचा सत्कार हाय, एकट्याचा फोटो बरा दिसत न्हाय."

सगळी जोडपी गोळा झाली. बटन दाबायला जहाजावरचा पहारेकरी उभा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा शरणबसप्पा स्वतः फोटोत आले, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून. त्याच वेळी वारा सुटला, शरणबसप्पा सोडून सगळ्यांनी डोळे किलकिले केले, धम्मपालनं पूर्ण मिटले आणि सूर्य बुडाला.

श्रावस्ती परतीच्या वाटेवर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "जाऊ द्या. आपल्या नशिबात गर्दीच हाय."

हे वाक्य धम्मपालला लागलं. धाराशिवला पोचताच तो डिजिटल स्टुडिओत काम करणाऱ्या प्रतीक्षाकडं गेला. तिनं कॉम्प्युटरवर गर्दी काढली, खांद्यावरचा हात पुसला, टॉवेल, कॅप, मोसंबी सगळं पुसलं. राहिली दोघंच.

"डोळ्यांचं काय करू?" तिनं विचारलं. "तुमचा उघड्या डोळ्यांचा दुसरा फोटो द्या."

असा फोटो पृथ्वीवर नव्हता. आधार कार्डावरही नाही.

"मग या फोटोतल्याच कुणाचे तरी बसवते. वाऱ्यात नीट बघणारं एकच माणूस दिसतंय."

फोटो मोठा करून, फ्रेम करून ऑफिसात खुर्चीच्या वर लागला. श्रावस्ती बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"छान आलाय. दोघंच हाय. पण तुमचा एक डोळा मोठा कसा?"

"वारा होता," धम्मपाल म्हणाला.

आठवडा सुखात गेला. मग कृष्णराज आणि राजेश्वरी आपले फोटो न्यायला आले. राजेश्वरीनं आत पाऊल टाकलं, समोरच्या भिंतीकडं पाहिलं आणि झटकन ओढणी डोक्यावर घेऊन वाकून नमस्कार केला.

धम्मपाल खुर्चीतल्या खुर्चीत फुगला. "अगं, कशाला एवढं? मी काही एवढा मोठा न्हाय."

"तुम्हाला न्हाय ओ," राजेश्वरी खाली मान घालूनच म्हणाली. "वरून मामंजी बघायलेत."

श्रावस्तीनं फोटोकडं पाहिलं. एक डोळा टपोरा, एक बारीक. मग नवऱ्याकडं पाहिलं. धम्मपाल उठला आणि मुकाट्यानं फ्रेम काढायला लागला.

"राहू द्या," ती हसू दाबत म्हणाली. "दुपारी तुम्ही झोपल्यावर ऑफिसकडं बघायला कुणीतरी पाहिजेच की."