अंधारातला अर्धा तास

दगाजीकडे चहाला गेलं की तो आधी खिडक्या लावायचा. मग दार. दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबायचा. पाहुणा भांबावून बघत असतानाच घर काळोखं व्हायचं आणि आवाज यायचा, "आते अर्धा तास उठानं नही."

आम्ही दोघांनी शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर मी गुडघे धरून बसलो, त्याने गवती चहा धरला. कळसाडी गावच्या बांधावरून पाती आणायची, सावलीत वाळवायची, कुटून रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची. शरीराला गंज चढू न देणारा अंश, म्हणजे अँटिऑक्सिडंट, असा अर्कात उतरतो. तो तपासायला एक जांभळं रसायन असतं. अर्कात जोर असला तर ते पिवळं पडतं. त्याला अर्धा तास लागतो आणि उजेड चालत नाही.

माणसंही तो याच मापाने मोजायचा. माझ्या व्याह्यांना भेटल्यावर म्हणाला, "कितलं बी समजाड, जांभया तो जांभयाच ऱ्हाई." म्हणजे कितीही समजवा, जांभळा तो जांभळाच राहणार.

पण अंधारात माणसं बोलू लागतात. दूधवाला गोविंदा बोलायचा, शेजारच्या वत्सलाबाई बोलायच्या. माझा मुलगा मला फोन करत नाही, हे मी बायकोजवळही बोललो नव्हतो, ते तिथे बोललो. दगाजी नुसता "हं" म्हणायचा. खिडकी उघडली की त्यातलं अक्षर काढायचा नाही. पिवळी पडलेली काचेची नळी उजेडाला धरून म्हणायचा, "देख, उतरना रंग."

बंद घर आणि स्पिरिटचा वास. कॉलनीत कुजबुज सुरू झाली की सर दारूची भट्टी लावतात. एका दुपारी सात-आठ जण त्याच्या दारात जमले, त्यांत मीही होतो. आत कोणीतरी हुंदके देत होतं.

"सर, दार उघडा, नाहीतर तोडतो," कॉलनीचे सेक्रेटरी शांतारामभाऊ म्हणाले.

"धा मिनिट थांबा," आतून दगाजी.

"रडतंय कोण आत?"

 उत्तर आलं, "ते मी सांगाव नही."

शांतारामभाऊंनी दाराला खांदा लावला. कोणीतरी पोलिसांना फोन लावायला मोबाईल काढला. मग सगळे माझ्याकडे वळले. "नाना, तुम्ही त्याच विषयातले. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. दारू नाही, प्रयोग आहे. तिथे थांबायला हवं होतं. पण ऐकणारे जमले की मास्तराला थांबता येत नाही. म्हणालो, "आणि अंधार नळीला लागतो, माणसांना नाही. चंदेरी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली तरी भागतं."

शब्द न् शब्द खरा होता. लोक हसले. "म्हणजे सर आम्हाला उगाच कोंडत होते?" शांतारामभाऊ म्हणाले. दगाजीने दार उघडलं. गोविंदा तोंड पुसत, कोणाकडे न बघता, दुधाची कॅन घेऊन निघून गेला. दगाजी मला एवढंच म्हणाला, "बरोबर शे, नाना."

त्यानेही माझ्याइतकीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. कपाट त्यालाही ठाऊक होतं.

त्यानंतर त्याच्याकडे कोणी बसेना. लोक दारातूनच म्हणत, "सर, नळी कपाटात ठेवा, आम्ही निघतो." कॉलनी अजून त्याला 'कोंडणारे सर' म्हणते. ते चूक आहे, आणि ती चूक माझ्या तोंडून सुरू झाली, म्हणून हे लिहितो आहे.

परवा गेलो. खिडक्या उघड्या, नळी कपाटात. लख्ख उजेडात समोरासमोर बसून आम्ही उन्हाळ्याबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो, मग संपलं. तो घड्याळाकडे बघत होता.

मी उठलो. खिडक्या लावल्या, दार लावलं, फटीत गोणपाट कोंबलं.

"काय करी ऱ्हायना, नाना?"

"कपाटाचा भरवसा नाही," मी म्हणालो आणि चाचपडत खुर्चीवर बसलो.

 मला वाटलं, झोपला. मग आवाज आला, "नाना, शे ना तू?"

"शे रे."

मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा दगाजी बोलू लागला. मी "हं" म्हणत राहिलो. काय बोलला, ते मी सांगणार नाही.